वेली गुलाब भिंतभर वाढतो, पण फुलत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं

वेल धष्टपुष्ट असते. पावसाळ्यात तीन-चार फांद्या सरसर वर जातात, पानं हिरवीगार दिसतात, आणि डिसेंबर-जानेवारीत शेजारचे झुडपी गुलाब लगडलेले असताना वेलीवर मात्र एक कळी नसते. हा पहिला प्रकार. दुसऱ्यात फुलं येतात, पण गच्चीच्या कठड्यापाशी, अगदी शेंड्याला, चार-दोन. खालचा सगळा भाग नुसता काट्यांचा. तिसऱ्यात कळ्या धरतात, पण उमलण्याआधीच पाकळ्यांच्या कडा करपतात आणि कळी तशीच सुकते. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. लावल्यावर एक-दोन वर्षं छान फुललेली वेल एकाएकी पानांचीच होते, आणि निरखून पाहिलं तर ती पानंही पूर्वीसारखी राहिलेली नसतात.

पुण्यातल्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा सांभाळताना गुलाबासाठी मला सगळ्यात जास्त बोलावणं येतं ते याच तक्रारीचं. मी पोहोचेपर्यंत घरच्यांनी खत टाकलेलं असतंच. म्हणून आधीच सांगतो: न फुलणाऱ्या वेली गुलाबात खत कमी पडलंय, असं फार क्वचित आढळतं. दोष बहुधा बांधणीत, कात्रीत, सावलीत नाहीतर खुंटात, म्हणजे ज्याच्यावर कलम केलेलं असतं त्या मुळाकडच्या भागात असतो. यातलं बरंचसं काहीही खर्च न करता तपासता येतं. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, तो मोडू नका. मधलंच काहीतरी करून पाहिलं, तर फरक कशाने पडला तेच कळत नाही.

आधी वेलीचं वय आणि महिना बघा

नर्सरीतून आणलेली वेल पहिलं वर्ष मुळं आणि लांब फांद्या करण्यात घालवते. तिच्याकडून भरभरून फुलांची अपेक्षा दुसऱ्या, खरं तर तिसऱ्या हिवाळ्यापासून धरावी. त्याआधी ती फुलत नसेल तर तो दोष नव्हे.

महिनाही तितकाच महत्त्वाचा. पुणे-नाशिककडे गुलाबाचा खरा बहर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी येतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. मे महिन्यात फुलं कमी आणि बारकी येणं किंवा भर पावसात नुसती वाढ होणं, हे नेहमीचंच आहे. मेमधली वेल पाहून घाबरून छाटली, तर पुढच्या बहराच्या फांद्या आपणच घालवून बसतो.

जातीचं नाव माहीत असेल तर तेही तपासा. जुन्या रॅम्बलर (लांब, लवचीक फांद्यांच्या वेली) जाती, जशी १९०१ सालची डोरोथी पर्किन्स, वर्षातून एकदाच फुलतात आणि त्याही गेल्या वर्षीच्या फांदीवर. डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट ही १९१० सालची वेलही एकदाच फुलणारी. तिच्याच एका फांदीत आपसूक बदल होऊन पुनःपुन्हा फुलणारी न्यू डॉन मिळाली, ती १९३० मध्ये बाजारात आली आणि १९३१ मध्ये अमेरिकेतलं वनस्पतींचं पहिलं पेटंट तिला मिळालं. दोघींची वेल दिसायला सारखीच, पण फुलण्याची रीत वेगळी. घरी आलेली जात यातली कोणती हे कळलं, की निम्मा घोळ तिथेच मिटतो.

खाली बसून बुंधा बघा

ही तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष वर असतं. खुरपं घ्या, चामड्याचे हातमोजे घाला आणि बुंध्याजवळची माती दोन-तीन इंच हलक्या हाताने बाजूला करा. एके ठिकाणी खोड गाठीसारखं फुगलेलं दिसेल. तिथे नर्सरीत डोळा भरलेला असतो, म्हणजे खुंटाच्या सालीत हव्या त्या जातीचा अंकुर बसवलेला असतो. गाठीच्या वर आहे तो तुम्ही विकत घेतलेला गुलाब, खाली आहे तो खुंट. खुंट म्हणून मल्टिफ्लोरा, इंडिका किंवा एडवर्ड असे काटक, रानवट वाढीचे गुलाब वापरतात.

आता प्रत्येक जोरकस फांदी बोटाने खालपर्यंत मागे न्या. ती गाठीच्या वरून निघाली असेल तर तो पानसोट आहे आणि तो सोन्यासारखा जपायचा. संत्रा-मोसंबीच्या बागेत काम केलेले माळी इथे हमखास चुकतात. तिथे पानसोट काढून टाकायचे असतात, म्हणून ते गुलाबाचेही काढतात. वेली गुलाबाच्या पुढच्या चार वर्षांच्या मुख्य फांद्या याच पानसोटांतून तयार होतात.

फांदी गाठीच्या खालून किंवा थेट मुळावरून निघाली असेल, तर ती खुंटाची जंगली फूट. तिचा जोर मूळ गुलाबापेक्षा जास्त असतो. दोन-तीन हंगाम दुर्लक्ष झालं तर ती सगळा रस ओढते आणि वरचा गुलाब हळूहळू वाळून जातो. चौथ्या प्रकारच्या लक्षणामागे जवळजवळ नेहमी हेच असतं.

‘सात पर्णिकांचं पान म्हणजे जंगली’ असं सगळे सांगतात (पर्णिका म्हणजे एका देठावरची छोटी पानं). ती खूण भरवशाची नाही. अनेक चांगल्या वेली गुलाबांना सात पर्णिका असतात. मल्टिफ्लोराची त्याहून चांगली खूण पानाच्या देठाच्या तळाशी असते. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पातळ पट्टी असते, ती उपपर्णं. मल्टिफ्लोरात त्या पट्टीच्या कडेला केसांसारखी झालर असते, बोटावर घेऊन उजेडात धरली की साध्या डोळ्यांनी दिसते. बहुतेक बागायती गुलाबांत ही कड गुळगुळीत असते. मल्टिफ्लोरापासून झालेल्या काही रॅम्बलरांतही झालर सापडते, त्यामुळे शेवटचा निवाडा फांदी कुठून निघाली यावरच करायचा.

जंगली फूट मातीच्या वर कात्रीने कापू नका. तळाचे झोपलेले डोळे तसेच राहतात आणि एकाच्या जागी तीन-चार फुटी येतात. माती उकरत ती मुळाला जिथे जोडली आहे तिथपर्यंत जा, हातमोजा घालून घट्ट धरा आणि खाली हिसका देऊन ओरबाडून काढा. सोबत तिचा तळही निघाला पाहिजे. जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, अर्धा दिवस उघडी ठेवा, मग माती ओढा. पण डोळ्याची गाठ पुन्हा गाडू नका, ती मातीच्या वर दिसती राहू द्या. पुढच्या वेळची तपासणी दोन मिनिटांत होते.

वेल कटिंगपासून, म्हणजे फांदी लावून केलेली असेल तर खुंटाचा प्रश्नच नाही. जमिनीतून येणारी प्रत्येक फूट त्याच जातीची असते, तिला हात लावू नका.

ऊन मोजा, आणि ते हिवाळ्यात मोजा

गुलाबाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. ‘उजेड भरपूर आहे’ हे उत्तर चालत नाही. सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी जाऊन पानांवर ऊन आहे की सावली, ते लिहून ठेवा.

हे डिसेंबरात करायला सांगतो, त्याला कारण आहे. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो, तर डिसेंबरात दक्षिणेकडे बराच खाली उतरतो. उन्हाळ्यात उत्तरेच्या भिंतीला ऊन पाहून लावलेली वेल ऐन बहराच्या महिन्यांत इमारतीच्या सावलीत जाते. दक्षिणेच्या बाजूला नवी इमारत उभी राहिली तरी तेच. अशा वेलीच्या फांद्या लांबोळक्या, पेरं दूरदूर आणि कोवळ्या फुटी ‘आंधळ्या’ असतात, म्हणजे शेंड्याला कळीच येत नाही. आंधळी फूट खाली पाच पर्णिकांच्या ठसठशीत पानापर्यंत कापली, तर तिथून कधी कधी कळीची फूट निघते. पण ऊन वाढल्याशिवाय तो आजार कायमचा जात नाही.

उलट टोकाची चूक पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीवर दिसते. एप्रिलमध्ये ती भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली राहते आणि तिला चिकटलेल्या कळ्या भाजतात. तारा किंवा जाळी भिंतीपासून चार बोटं पुढे घेतली की मागून हवा खेळते.

फांद्या उभ्या बांधल्यात का?

आता ज्याने सगळ्यात जास्त वेली सुधारतात, ते. शेंड्यालाच फुलं येत असतील तर कारण बहुधा इथेच सापडतं.

वेली गुलाबाला गोकर्णासारखं आपलं आपण गुंडाळता येत नाही आणि काकडीसारखे ताणेही नसतात. तो काट्यांच्या आधाराने टेकत वर जातो, बांधावा आपण लागतो. आणि आपल्याला वाटतं वेल म्हणजे वर जायला हवी, म्हणून ती सरळ उभी बांधली जाते. फांदीचा शेंडा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते खाली उतरत खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. त्यामुळे उभ्या फांदीत वरचे दोन-तीन डोळेच फुटतात. फांदी आडवी केली की शेंड्याचा हा वरचष्मा कमी होतो, फांदीभरचे डोळे जागे होतात, आणि प्रत्येकातून वीतभर लांबीची आखूड फूट निघून तिच्या टोकाला कळी धरते. फूल या आखूड फुटींवर येतं, लांब फांदीवर नव्हे, हे एकदा लक्षात आलं की वेलीकडे बघण्याची नजरच बदलते.

काम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. त्या वर्षीच्या फांद्या तोवर पक्व झालेल्या असतात, तरी लवचीक असतात. भिंतीवर एक-सव्वा फुटाच्या अंतराने आडव्या तारा ओढा. फांदी एकदम वाकवू नका. बुंध्याशी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने थोडी कलवा, बांधा, आठवड्याने आणखी कलवा. दोन-तीन वेळांत ती जवळजवळ आडवी होते. अगदी जमिनीला समांतर झालीच पाहिजे असं नाही, थोडी चढती राहिली तरी चालते. दुपारी फांदी जरा मलूल असते तेव्हा ती कमी मोडते, सकाळी पाणी प्यालेली फांदी कडकन तुटते. कोवळ्या, लालसर पानसोटाला मात्र त्या वर्षी हातच लावू नका, तो बुंध्यातून निखळतो.

जागा अरुंद असेल, खांब किंवा गेटची कमान असेल, तर फांद्या खांबाभोवती तिरक्या गुंडाळत न्या. दोन फांद्या उजवीकडून, दोन डावीकडून. परिणाम तोच मिळतो.

बांधायला सुतळी, जुन्या सुती साडीची पट्टी किंवा सायकलच्या ट्यूबची चकती घ्या. आठच्या आकड्यासारखा फास द्या, म्हणजे फांदी तारेवर घासत नाही. बाइंडिंग वायर नको. वर्षभरात फांदी जाड होते, वायर सालीत रुतते, आणि तिथून वरचा भाग वाळायला लागतो.

कात्री कुणी, कधी, कुठे चालवली

सोसायटीचा माळी ऑक्टोबरात सगळे गुलाब एका उंचीवर छाटतो, त्यात वेलीही जातात. झुडपी गुलाबाला ही छाटणी मानवते, वेलीला नाही. क्लाइंबिंग आइसबर्ग, क्लाइंबिंग पीस या जाती मुळात झुडपांतून निघालेल्या वेली आहेत. त्या गुडघाभर छाटल्या तर लांब फांद्या पुन्हा करण्यातच त्यांचं वर्ष-दोन वर्षं जातात. काही तर झुडपाच्या वळणावर परत जातात.

पहिली दोन वर्षं वाळलेलं आणि रोगट तेवढंच काढा. त्यानंतर ऑक्टोबरात मुख्य फांद्या तशाच ठेवून फक्त बाजूच्या, फुलून गेलेल्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर आणा. नवे पानसोट जोमात असतील तर सगळ्यात जुनी, राखाडी, भेगाळलेली एखादी फांदी तळापासून काढा. वेल चुकून जमिनीलगत छाटली गेली असेल तर उपाय म्हणून आणखी काही करू नका. येणारे पानसोट जपा आणि पुढच्या ऑक्टोबरात आडवे बांधा.

आता खत

वेलीजवळ लॉन आहे का? लॉनला टाकलेला युरिया पाण्याबरोबर गुलाबाच्या मुळांशी जातो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पानं गडद, मोठी, मऊ, शेंड्यांवर मावा आणि कळीचा पत्ता नाही, असं चित्र असेल तर नत्र जास्त झालंय. दोन महिने नत्राची सगळी खतं थांबवा. छाटणीनंतर बुंध्यापासून फूटभर लांब आळं करून चांगलं कुजलेलं शेणखत एक-दोन घमेली आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड पुरते. कळी धरण्याच्या सुमारास ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत) लिटरला तीन ते पाच ग्रॅम घेऊन एक-दोन फवारण्या चालतील. त्याहून जास्त नको. काळ्या, चुनखडीच्या मातीत स्फुरद साठत गेलं की लोह आणि जस्त झाडाला मिळेनासं होतं.

कळी धरते पण उमलत नाही

कळीखाली पांढरा कागद धरा आणि टिचकी मारा. मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर-तपकिरी बारीक कीटक पळताना दिसले तर ते फुलकिडे. फेब्रुवारीनंतर ऊन तापायला लागलं की ते वाढतात, पाकळ्यांच्या घडीत शिरून रस शोषतात, म्हणून कडा करपतात. करपलेल्या कळ्या तोडून पिशवीत बांधून बाहेर टाका, झाडाखाली सोडू नका. निळे चिकट सापळे टांगा. निंबोळी तेल, १०,००० पीपीएमचं, लिटरला दोन-तीन मिली, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने फवारा. पानांखाली बारीक जाळी असेल तर तो लाल कोळी. त्याला पाण्याची जोरदार फवारणी पानांच्या मागच्या बाजूने, सकाळी, म्हणजे पानं लवकर सुकतात. पानं ओली राहिली तर काळ्या ठिपक्यांचा रोग येतो.

सगळ्यात शेवटी माती आणि मुळं

इथवर काही सापडलं नाही, तरच खोदा. वेलीपासून दोन फुटांवर फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांनीही तसंच उभं असेल तर निचरा नाही आणि मुळं गुदमरताहेत. थोडी कोरडी माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखड आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे याचंच लक्षण. त्यावर चिलेटेड लोह फवारून पानं हिरवी होतात, पण निचरा सुधारला नाही तर दर हंगामात तेच करत बसावं लागतं.

पावसाळ्यात वेल पाणी असूनही कोमेजत असेल तर बुंध्याजवळची माती उकरून हुमणी बघा. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी मुळं खाते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती बहुधा येते.

कुंडीतली वेल असेल तर अठरा इंचांपेक्षा लहान कुंडीत तिच्याकडून भिंतभर फुलांची आशा धरू नका. जमिनीतली जुनी वेल उपटून दुसरीकडे लावणं हा शेवटचा आणि सगळ्यात धोक्याचा उपाय आहे. तो मी तरी सावलीचा प्रश्न सुटतच नसेल तेव्हाच करतो.

कुठे थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं

वेल पहिल्या मजल्याच्या वर गेली असेल किंवा विजेच्या तारांजवळ असेल तर शिडी लावू नका. तारांसाठी आधी वीज कंपनीला कळवा. गंजलेल्या कमानीवर जुनी वेल असेल तर तिनेच कमान उभी धरून ठेवली असण्याची शक्यता असते. फांद्या सोडवण्याआधी वेल्डर किंवा गवंड्याला दाखवा.

सावली शेजारच्या झाडाची असेल तर स्वतः फांद्या तोडू नका. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्यानुसार शहरी भागात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे फांद्यांसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारूनच पुढे जा.

बुंध्यावर किंवा मुळांवर खडबडीत, फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या तर तो जिवाणूंमुळे होणारा क्राऊन गॉल असू शकतो. तो औषधाने बरा होत नाही. कात्री दुसऱ्या गुलाबाला लावण्याआधी स्पिरिटने पुसा आणि फोटो व नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात दाखवा. निदान पक्कं झालं तर वेल मुळासकट काढावी लागते आणि त्या जागी पुन्हा गुलाब लावता येत नाही. शेंड्यापासून काळी पडत खाली सरकणारी मर छाटूनही थांबत नसेल, किंवा निंबोळी तेलाने फुलकिडे हटत नसतील, तर दुकानदाराने हातात दिलेलं आंतरप्रवाही कीटकनाशक घरी मिसळू नका. लहान मुलं, मांजरं, पाण्याची टाकी जवळ असतात. परवानाधारक फवारणीवाल्याला बोलवा आणि तो कोणतं औषध, किती प्रमाणात वापरतो ते लिहून घ्या.

माती परीक्षण जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत होतं. नमुना नुकतंच खत टाकलेल्या जागेचा नको. चार ठिकाणची, वरचा थर बाजूला सारून घेतलेली माती एकत्र करून सावलीत वाळवून द्या.

आणि काटा सांध्याजवळ खोल घुसला, किंवा टोचल्यावर काही आठवड्यांनी हातावर एकापुढे एक गाठी उठायला लागल्या, तर डॉक्टरांना गुलाबाचा काटा टोचल्याचं आवर्जून सांगा. काट्यावरच्या आणि मातीतल्या बुरशीने होणारा एक त्वचारोग असा पसरतो, आणि त्याची औषधं साध्या गळवाच्या औषधांपेक्षा वेगळी असतात.